सिनियरचं टेम्प्लेट किती बॅचेस पुरवणार?

प्रोजेक्ट सबमिशनचे दिवस आले की हॉस्टेलमध्ये एक झिप फाइल फिरायला लागते. सिनियरने त्याच्या सिनियरकडून घेतलेलं लाटेकचं टेम्प्लेट. उघडून बघा, पाया 'रिपोर्ट' नाहीतर 'आर्टिकल' क्लासचा आणि त्यावर पॅकेजेसची चळत. मार्जिनला एक, हेडिंगला एक, पानाच्या वरच्या पट्टीला आणखी एक. त्यातल्या दोघांचं आपसात पटलं नाही की तुमची रात्र गेली.

ठिगळं कशाला लावताय? कपडाच बदला ना!

क्लास म्हणजे अख्ख्या डॉक्युमेंटचा साचा. नेहमीचे साचे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८०च्या दशकात अमेरिकेत केलेल्या लाटेकमधून आलेत. वेगळं सांगितलं नाही तर ते आजही तिकडचा 'लेटर' कागद धरतात. आपल्या झेरॉक्सवाल्याकडे ए-फोर. जुनी फाइल आजही तशीच छापून यावी म्हणून त्यांचं रूप मुद्दाम गोठवलंय. ते बरोबरच आहे, पण मग त्यांनाच आपल्या मापात कोंबायचा हट्ट का?

जर्मनीच्या मार्कुस कोम यांचं 'कोमा-स्क्रिप्ट' १९९४पासून आहे. ते मुळातच ए-फोर धरतं आणि मार्जिनचा हिशोब स्वतः करतं. त्यातला 'बीसीओआर' पर्याय तर आपल्या ब्लॅक बुकसाठीच काढलाय की काय असं वाटतं. बाइंडिंगमध्ये किती मिलिमीटर कागद जाणार तेवढं सांगायचं, उरलेलं पान क्लास आखतो. नाहीतर काळं रेक्झिन अक्षरं गिळतं आणि एक्स्टर्नल पान ताणून वाचत बसतात.

पीटर विल्सन यांचा 'मेमॉयर' पुस्तकवाल्यांचा: कविता, नाटक, कादंबरी, सगळं. बऱ्याच पॅकेजेसचं काम त्याच्या पोटातच आहे. मॅन्युअल पाचशे पानांच्या वर आहे, पण लागेल तेवढंच उघडा. मराठीत थिसिस लिहिताय? झीलाटेकवर दोन्ही चालतात. जर्नलला पेपर पाठवताना मात्र ही हौस नको. 'आयईईई'चा स्वतःचा क्लास आहे, तोच घ्या.

खरा प्रश्न कॉलेजांना आहे. डावीकडे इतके इंच, दोन ओळींत इतकी जागा, असं नियमपत्रक हातात देता, मग यातल्याच एखाद्या क्लासवर बसवलेली तयार फाइल का देत नाही? एकदाच करायचं काम दरवर्षी प्रत्येक ग्रुप नव्याने करतोय.

ती मिळेपर्यंत पहिल्या ओळीत 'रिपोर्ट'च्या जागी 'एससीआरआरईपीआरटी' टाकून बघा. (नावात 'ओ' नाही, शोधू नका.) मजकूर बहुतेक तसाच चालतो. हेडिंग आणि मार्जिनची जुनी पॅकेजेस तेवढी आधी काढा, भांडणं तिथूनच सुरू होतात.