उर्दू शाळेला नापास ठरवण्याआधी

जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेचा विषय निघाला की 'तिथं काही शिकवत नाहीत' हे वाक्य ठरलेलं. मुलांना वाचता येत नसेल तर शाळेनं जाब द्यायलाच हवा, त्यात मला सवलत मान्य नाही. पण शिक्षकाची जागा रिकामी ठेवून गणिताचा निकाल विचारणं हा कुठला इन्साफ?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीला गणित-विज्ञानाचा किमान एक शिक्षक हवाच. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक, एकूण निम्म्या स्त्रिया. शाळेचा विकास आराखडा समितीनं करायचा, अनुदानाचा आधार तोच. आपल्याकडे समिती म्हणजे बऱ्याचदा रजिस्टरवर अम्मीची सही. (आपल्याच अल्पसंख्याक संस्थांच्या अनुदानित शाळांत तर २०१२ च्या दुरुस्तीनं समितीकडे फक्त सल्ला देणं उरलं. त्यावर आपण गप्प.)

दोस्तांनो, धाकट्या भावंडांच्या शाळेत पुढच्या बैठकीला अम्मीसोबत जा. आराखडा मागा, तिला वाचून दाखवा. तिसरीतली किती मुलं सलग वाचतात आणि किती जागा रिकाम्या आहेत, हे दोन्ही एकाच अर्जात लिहा. अर्ज गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या, पोच घ्यायला विसरू नका.