वाळवंटातला हरभरा आणि आपला मोडलेला धुरा

सोयाबीन विकलं, हरभरा पेरला अन् डिसेंबरात आम्ही दोघं गाडी काढून जैसलमेरला जाऊन आलो. संभाजीनगर, धुळे, सुरत, अहमदाबाद, सांचोर, बाडमेर असं नुसतं जायलाच चौदा-पंधराशे किलोमीटर. बायकोनं दशम्या, शेंगदाण्याची चटणी अन् पाण्याचे दोन कॅन भरून घेतले. "अहो, वाळवंटात चाललोय, तिथं पाणी कोण देणार?"

सांचोरच्या पुढं ध्यानात आलं, 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते आपल्या लातूरला. अन् आपण वाळवंटाला पाणी घेऊन निघालोय! दोघंही लई हसलो.

बाडमेर सोडलं की रस्ता नुसता सरळ. दोन्ही अंगाला मोकळं रान, मधूनच एखादी खेजडी, नाहीतर केराचं झुडूप. बायको म्हणाली, "हितं धुऱ्यावरून भांडणं होत नसतील." मी गप्प बसलो. का, ते पुढं येईल.

जैसलमेरच्या अलीकडं एका खोलगट रानात हिरवागार हरभरा अन् गहू दिसला म्हणून गाडी थांबवली. पाईप नाही, तुषार नाही, बोअर नाही. बायकोनं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली अन् म्हणाली, "अहो, ओल हाय की!"

याला तिकडं खडीन म्हणतात. पंधराव्या शतकापासून पालीवाल ब्राह्मणांनी ही पद्धत बसवली. वरच्या खडकाळ माळावरचं पाणी वाहत खाली येतं, तिथं उताराला आडवा मातीचा बांध अन् जास्तीच्या पाण्याला सांडवा. पावसाळाभर पाणी अन् गाळ तिथंच थांबतो, जिरतो. वाफसा आला की रब्बी पेरायची. पाऊस वर्षाला दोनशे मिलीमीटरच्या आत. आपल्याकडं लातूरला साडेसातशेच्या आसपास, नांदेडला त्याहून जास्त.

पण त्यातली खरी गोष्ट बांध नाही. खरी गोष्ट वरचा माळ. पिकाच्या कितीतरी पट जमीन तिथं फक्त पाणी वाहून यायला राखलेली असते. आपण काय केलं? गायरान नांगरलं, वहाळ बुजवला, दोन तास वाढावेत म्हणून धुरा मोडला. उसाला शिव्या देऊन मोकळं होणं सोपं आहे (अन् थोड्या द्यायलाच पाहिजेत), पण धुरा काही उसानं मोडला नाही.

आता कुणी लगेच आपल्या रानात खडीन करायला निघू नका. आपली काळी जमीन पाणी धरून ठेवते. खरिपात तसं पाणी तुंबलं तर सोयाबीन पिवळं पडून जाईल. त्याला रुंद सरी वरंबाच बरा. जास्तीचं पाणी निघून जातं, पाऊस उघडला तर ओल टिकते. खुद्द राजस्थानातही इंदिरा गांधी कालव्याखाली काही ठिकाणी जमिनी चिबड झाल्यात. पाणी आलं म्हणजे सगळं झालं, असं नसतं.

पण आपले आजोबा भारी रान खरिपात पड ठेवून त्या ओलीवर रब्बी ज्वारी-करडई घ्यायचे, ते दुसरं काय होतं? सगळं रान नका ठेवू. पाणी साचून सोयाबीन दरसाल जळतं तो खालचा तुकडा तरी एखाद्या वर्षी ज्वारीला सोडून बघा. कडबाही होईल. अन् घराच्या पत्र्याचा हिशोब करा: हजार चौरस फूट पत्र्यावर साडेसातशे मिलीमीटर पाऊस म्हणजे जवळपास सत्तर हजार लिटर. तिकडं अंगणातल्या टाक्यात एवढंसं पाणी साठवून घर उन्हाळा काढतं.

पाण्याचा एक कॅन भरलेलाच परत आला. दुसऱ्या दिवशी रानात गेलो तर बायको हरभऱ्याकडं न बघता सरळ खालच्या अंगाला जाऊन उभी राहिली. पाच वर्षांपूर्वी मी धुरा मोडला तिथं. "कधी घालायचा परत?" म्हणाली. शेजाऱ्याला फोन लावलाय. त्याचंही चार बोटं रान त्यात जाणार आहे, बघू काय म्हणतो.