ताप आणि तापणे

फराळाच्या ताटाशी वैशाखाचे ऊन आणतो, म्हणून वाचकांनी रागावू नये. दिवाळी अंक उन्हाळ्यापर्यंत घरात फिरतो, आणि आमच्या नांदेड-लातूरकडे हा मजकूर तेव्हाच कामी यायचा आहे.

उन्हातून आलेल्या माणसाचे अंग भाजू लागले, की घरात एकच ओरड होते, "ताप भरला!" मग पांघरूण आणि तापाची गोळी. खऱ्या तापात हे एक वेळ खपून जाते. हिवतापासारख्या रोगात मेंदूतील उष्णतेचे केंद्रच आपली पातळी ९८.६ वरून १०४ अंश फॅरनहाइटपर्यंत चढवते. म्हणून अंग तापत असता रोग्याला हुडहुडी भरते, गोधडी हवीशी वाटते. गोळी त्या केंद्राला खाली आणते, घाम फुटतो, ताप उतरतो. १०६.७ च्या वर गेलेला ताप मात्र घरी ठेवण्याचा नव्हे.

ऊन लागते तेव्हा हे केंद्र जागच्या जागीच असते. आत साचलेली उष्णता बाहेर पडत नाही, एवढेच. मग गोळीने उतरायचे काय? उलट यकृताला अपाय व्हायचा.

माठ पाझरतो म्हणून गार राहतो, तसेच आपले अंग घामाने. पाणी तुटले की पाझर आटला. २०१६ साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या गावाला हे मी काय सांगावे! दमट हवेत तर घाम येऊनही वाळत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावरील समारंभानंतर १४ माणसे उष्माघाताने दगावली. तिथला पारा आमच्या मे महिन्याइतका चढलेलाही नव्हता.

उन्हातला माणूस बरळू लागला, झोकांड्या खाऊ लागला, की उष्माघात समजावा. कातडी कोरडी पडण्याची वाट पाहू नये. कष्टकऱ्याला घाम असतानाही तो होतो. १०८ ला फोन करावा, आणि गाडी येईतो सावलीत कपडे सैल करून अंगभर पाणी ओतावे, वारा घालावा, बर्फ असल्यास मानेला व काखेत ठेवावा. खिशात कांदा बाळगणारे माझे काही स्नेही आहेत. तो भाकरीबरोबर अधिक शोभतो. कैरीचे पन्हे उत्तमच, पण पूर्ण शुद्धीवर असलेल्यालाच द्यावे. गुंगीतल्या माणसाच्या तोंडात ओतलेले पाणी श्वासनळीत जाते.