संघ सोडावा तो कशासाठी?



सेलूतली आपली पोरं मोबाईलवर परदेशी फुटबॉल पाहतात. मेस्सीने २०२१ साली बार्सिलोना सोडली, तो पॅरिसला गेला आणि २०२३ मध्ये मायामीला. पोरांचा संघही तसाच बदलतो. कुणी तर जो जिंकेल त्याचाच शर्ट घालतो. मग घरातली म्हातारी म्हणते, "जिकडे पोळी तिकडे गोंडा घोळी!"

कोल्हापुरात तसे नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, शिवाजी अशा तालमी-मंडळांचे संघ खेळतात. संघ हरला तरी पेठ त्याला सोडत नाही. ही निष्ठा घेण्यासारखी आहे.

मात्र निष्ठा म्हणजे अपमान गिळणे नव्हे. क्रिकेटमधले बाळू पालवणकर पाहा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. तरी चर्मकार म्हणून हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. १९२० साली त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम निषेध करून संघाबाहेर पडले. पुढे १९२३ मध्ये विठ्ठल त्याच संघाचे कर्णधार झाले.

बाबासाहेबांनी तरी काय केले? १९३५ साली येवल्यात धर्मांतराची घोषणा केली आणि दीक्षा घेतली ती १९५६ साली, नागपुरात. एकवीस वर्षे विचार केला. त्यात लोभ नव्हता, स्वाभिमान होता.

तेव्हा आई-वडिलांनो, वस्तीतला संघ हरला तरी पोरांना त्याच्यासाठी टाळ्या वाजवायला पाठवा. पण त्याच संघात कुणाची जात काढली गेली, तर पोराला जाब विचारायला शिकवा. जाब विचारूनही ऐकले नाही, तर तो संघ खुशाल सोडू द्या.