टकटक की ठकठक?

दर आठवड्याला या जागेवरून मी तुमच्याशी शब्दांविषयी बोलतो. दिवाळी अंकात संपादक थोडी मोकळीक देतात, म्हणून आज एका आवाजाविषयी बोलणार आहे. हा आवाज कुठल्या कवितेतला नव्हे. तो आमच्या दादाच्या ट्रकचा आहे.

ट्रक म्हणजे जुना, सहा सिलिंडरचा, पुढे लांब नाक असलेला. वडिलांनी तो घेतला तेव्हाच दुसऱ्या हातचा होता. माझी बी.ए.ची आणि एम.ए.ची फी त्याच्याच भाड्यातून गेली आणि दादाचे शिक्षण त्याच्याच स्टेअरिंगपाशी थांबले. हे मला ठाऊक आहे, दादालाही ठाऊक आहे. पण तो कधी बोलून दाखवत नाही. मी मात्र दर सुट्टीत गावी गेलो की, ‘आता हा भंगारात काढ’ असा शहाणपणाचा सल्ला देत आलो.

गेल्या वर्षी वसुबारसेच्या दिवशी घरी पोहोचलो तो अंगणात सुतक असल्यासारखी शांतता. ट्रकच्या इंजिनात ठोका आला होता. गावातल्या फिटरने उभ्या उभ्याच निदान केले होते : ‘बेअरिंग गेलं, इंजिन उतरवा.’ खर्च लाखाच्या घरात. इकडे ऊसतोडीची टोळी ठरलेली, तिची उचल देऊन झालेली, आणि हंगाम पंधरा दिवसांवर आलेला. वहिनींनी पाटल्या काढून देवघरात ठेवल्या होत्या. माझ्या खिशात त्या महिन्याचा पगार होता, पण तोही घराच्या हप्त्याला आधीच वाहिलेला.

‘बापू, शेवटचं एकदा म्हाताऱ्या मिस्त्रींना दाखवू,’ दादा म्हणाला. ‘ट्रक हलवायचा नाही. तू त्यांना घेऊन ये.’

हलवायचा का नाही, हे मला पुढे कळले. कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग खरोखरच गेले असेल, तर चार मैल चालवल्यावर रॉड तुटून ब्लॉकला भोक पाडू शकतो. मग लाखाचेही भागत नाही.

मिस्त्री सत्तरीचे. माझ्या स्कूटरवर मागे बसता बसताच त्यांनी विचारले, ‘सर, आवाज कसा हाय? टकटक का ठकठक?’

वाचकहो, मी वीस वर्षे वर्गात ध्वनिसिद्धान्त शिकवतो. आनंदवर्धनाने नवव्या शतकात काश्मीरमध्ये बसून मांडलेला विचार मुलांना कळावा म्हणून घसा कोरडा करतो. अनुकरणवाचक शब्दांवर तर माझे एक टिपणही आहे : खटखट, खडखड, घरघर, धडधड. पण मिस्त्रींच्या प्रश्नाला मला उत्तर देता येईना. ‘ठोका आहे,’ एवढेच म्हणालो. ते हसले नाहीत. ‘ठोका वरचा असला तर टकटक. खालचा, क्रँककडचा, तर ठकठक. जड. पोटात लागल्यागत.’

आल्या आल्या त्यांनी इंजिनाला हात लावला नाही. आधी दादाची उलटतपासणी घेतली. थंड असताना जास्त की गरम झाल्यावर? थंडपणी वाजून मग शमणारा आवाज बहुधा पिस्टनचा. दादा म्हणाला, सारखाच येतो. ऑइलचा काटा? गरम इंजिनावरही खाली येत नाही. इथे मिस्त्रींच्या भुवया किंचित वर गेल्या. बेअरिंग झिजले की ऑइलचा दाब सहसा घसरतो. मग ट्रक सुरू करवून क्लच दाबायला लावला. आवाज बदलला असता तर संशय क्लच आणि गिअरबॉक्सवर गेला असता. तो जराही बदलला नाही.

त्यांनी चेंबरचा नट ढिला करून थोडे ऑइल ताटलीत घेतले, बोटांवर चोळले आणि उन्हात धरले. बेअरिंगचा चुरा असता तर चमकला असता. काळे ऑइल काळेच राहिले. मग वेळूची एक हातभर काठी मागवली. तिचे एक टोक इंजिनावर आणि दुसरे कानाशी. खाली चेंबरपाशी, मधे ब्लॉकवर, वर हेडवर असे करत ते चौथ्या सिलिंडरशी थांबले आणि काठी माझ्याकडे दिली. ‘ऐका.’

ऐकले. टकटक होती! अगदी स्वच्छ, कोरडी टकटक.

नंतर ते एकेका नोझलच्या पाइपाचा नट फडक्याआडून ढिला करत गेले. त्या दाबाच्या डिझेलचा फवारा कातडीतून आत शिरतो, म्हणून आम्हा सगळ्यांना त्यांनी लांब उभे केले. पहिला, दुसरा, तिसरा : इंजिन लंगडायचे, ठोका कायम. चौथा ढिला केला आणि ठोका गेला.

‘सापडलं!’ मी ओरडलो.

‘अजून न्हाई,’ मिस्त्री म्हणाले. ‘त्या सिलिंडरला डिझेल न्हाई म्हणजे धक्का न्हाई. बेअरिंग ढिलं असलं तरी ते गप बसतंय.’ माझा एखादा विद्यार्थी प्रबंधात इतका सावधपणा दाखवील तर मी त्याला मिठी मारीन. त्यांनी चौथ्या आणि दुसऱ्या सिलिंडरची नोझले काढून आपसांत बदलली, पाइपातली हवा काढली आणि दादाला खूण केली.

ट्रक सुरू झाला. ठोका होताच. मिस्त्रींनी चौथ्याचा नट ढिला केला, तरी ठोका तसाच. दुसऱ्याचा ढिला केला आणि तो गेला. नोझलबरोबर आवाजही घर बदलून गेला होता! बेअरिंगला असे बिऱ्हाड हलवता येत नाही. दादा स्टेअरिंगवर डोके टेकून बराच वेळ तसाच बसला होता.

तालुक्याच्या डिझेल पंपवाल्याकडे ते नोझल मशीनवर लावले, तेव्हा धुक्यासारखा फवारा पडायच्या ऐवजी धार लागली आणि टोकाशी थेंब लोंबू लागले. डिझेलला ठिणगी नसते; दाबलेल्या तापल्या हवेत ते बारीक उडाले तरच नीट पेटते. थेंब उशिरा आणि एकदम भडकतात, त्याचा तो ठोका. नवे टोक बसवून सगळे काम माझ्या खिशातल्या पैशांत झाले, आणि हप्त्यालाही काही उरले. मिस्त्रींनी मात्र बजावले, की थेंबांनी चौथ्या पिस्टनचे काही बिघडवले असेल, तर पावसाळ्यात हेड उघडून बघावे लागेल.

पाडव्याला वहिनींच्या हातात पाटल्या होत्या. भंगाराचा विषय मी काढला नाही. दादानेच काढला. ‘बापू, भंगारवाल्याचा नंबर देणार होतास ना?’ म्हणाला, आणि त्याने ट्रक सुरू करून माझ्या हातात वेळूची काठी दिली.