माझ्या सेंटरला विसरू द्या

तीन वर्षं मी एका माणसाचं करिअर घडवत होते. तो माणूस अस्तित्वात नाही. उंची सहा फूट दोन इंच, वजन तीनशे पौंड, पेनसिल्व्हेनियातल्या खाणकामगाराचा मुलगा, अमेरिकन फुटबॉलमधला सेंटर. सेंटर म्हणजे वाकून दोन पायांमधून चेंडू मागे क्वार्टरबॅककडे देणारा आणि त्याच क्षणी समोरच्या धिप्पाड गड्याला अंगावर घेणारा खेळाडू. चेंडू घेऊन तो पळत नाही, त्यामुळे टाळ्या त्याच्या वाट्याला फारशा येत नाहीत.

हैदराबादेत बसून मी हे कसले उद्योग करते, असं घरचे विचारतात. पिट्सबर्गला राहणाऱ्या माझ्या मामेभावाने मला या काल्पनिक लीगमध्ये ओढलं. इथे बटणं दाबायची नसतात. आपण खेळाडू निर्माण करायचा, त्याला ताकद, वेग, चपळाई यांचे गुण वाटून द्यायचे. सामना संगणक खेळतो, आपण निकाल वाचतो. गुण वाढवायचे तर लिहावं लागतं : मुलाखती, सामन्यांची वर्णनं, खेळाडूच्या बालपणाच्या गोष्टी. जेवढं लिहाल तेवढा तुमचा खेळाडू बळकट. लेखनाचा इतका रोख मोबदला मला मराठी नियतकालिकांतही कधी मिळाला नाही.

तेरा हंगामांनंतर माझा सेंटर निवृत्त झाला. वय वाढलं की आमच्याकडे दर हंगामाला गुण कापले जातात; तेही मी सोसलं. निरोपाचा लेख लिहिला. मग आणखी एक लिहिला. त्यात तो शेहेचाळीस वर्षांचा आहे, दुकानातून दूध घेऊन निघाला आहे आणि गाडीत बसून घराचा रस्ता आठवायचा प्रयत्न करतो आहे. लीगच्या चालकांनी तो लेख परत पाठवला. निवृत्तीच्या दिवशी करिअर संपतं, पुढचं ग्राह्य नाही, असा शेरा होता. दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, खेळ आहे तो. खेळात कुणी मेंदूच्या डॉक्टरकडे जातं का?"

दादा ज्या शहरात राहतो, त्याच शहराच्या संघाचा सेंटर होता माइक वेबस्टर. चार सुपर बोल जिंकलेला, १९९७ साली हॉल ऑफ फेममध्ये गेलेला. २००२ साली पन्नासाव्या वर्षी तो वारला, तोवर त्याची स्मृती आणि संसार दोन्ही विस्कटले होते. काही काळ तो स्वतःच्या ट्रकमध्ये झोपत असे. बेनेट ओमालू या नायजेरियात जन्मलेल्या डॉक्टरांनी त्याचा मेंदू तपासला आणि २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला : डोक्याला वारंवार बसणाऱ्या धक्क्यांमुळे होणारा सीटीई हा आजार. २०१७ साली बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी एनएफएलमध्ये खेळलेल्या १११ जणांचे मेंदू तपासल्याचं प्रसिद्ध केलं. ११० मेंदूंमध्ये सीटीई सापडला. आजाराची शंका असलेली कुटुंबंच मेंदूदानाला अधिक पुढे येतात, म्हणून हे प्रमाण सगळ्या खेळाडूंना लावता येत नाही, हे मला कळतं. पण आमची लीग आकड्यांवरच चालते, आणि हा आकडा तिच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.

वास्तव नको म्हणून तर लोक इथे येतात, असं मला सांगण्यात आलं. हे खरं नाही. खेळाडूचा गुडघा मोडतो, तो आम्ही मोडू देतो. म्हातारपण चालतं, संघातून हकालपट्टी चालते. 'मॅडन' या बटणं दाबून खेळायच्या व्हिडिओ गेमनेसुद्धा २०११ सालच्या आवृत्तीत नियम आणला की, डोक्याला मार बसलेला खेळाडू त्या सामन्यात पुन्हा उतरणार नाही. म्हणजे सोसवेल तेवढं वास्तव आम्हाला हवंच आहे. मेंदूपाशी आलो की मात्र आम्हाला 'खेळ आहे तो' हे आठवतं.

आणि गुण वाटून देणं हे काही निरागस काम नाही. माजी खेळाडूंना भरपाई देण्यासाठी एनएफएलने जी न्यायालयीन तडजोड केली, तिच्या तपासण्यांमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंची बौद्धिक क्षमता मुळातच कमी धरणारी पद्धत वापरली जात होती. मुळातच कमी धरली की झालेली हानी लहान दिसते आणि भरपाई नाकारणं सोपं जातं. टीका झाल्यावर २०२१ साली एनएफएलने ही पद्धत थांबवण्याचं कबूल केलं. कुणाला सुरुवातीला किती गुण द्यायचे, याचा तक्ता हाडामांसाच्या माणसांसाठीही होता तर.

रॉबर्ट कूव्हर यांची 'द युनिव्हर्सल बेसबॉल असोसिएशन' ही कादंबरी १९६८ सालची. तिच्यातला हेन्री वॉ हा हिशेबनीस स्वयंपाकघरातल्या टेबलावर, फाशांच्या आधाराने बेसबॉलची अख्खी लीग चालवतो. एका रात्री फासे असे पडतात की त्याचा लाडका तरुण पिचर मैदानावरच मरतो. हेन्री कोसळतो, पण तो निकाल पुसून टाकत नाही. तीन फासे आणि एका वहीवर त्याने जी जबाबदारी घेतली, ती आम्ही एवढे संगणक घेऊन बसलेले लोक टाळतो.

माझी मागणी छोटी आहे. माझा सेंटर किती डाव मैदानात होता, हे संगणकाला ठाऊक आहे. प्रत्येक डावात त्याची समोरच्याशी टक्कर झाली. त्याने कितीजणांना आडवं पाडलं याचा रकाना निवृत्तीच्या नोंदीत आहे. त्याच्या शेजारी त्याने खाल्लेल्या धडकांचा रकाना हवा. आणि निवृत्तीनंतरच्या लेखनाला मान्यता हवी. त्याचे गुण देऊ नका; निवृत्त माणसाला गुण घेऊन करायचंय काय? ज्यांना हे लिहायचं नाही, त्यांच्यावर सक्ती नको.

तेरा हंगाम मी त्याच्या बापाच्या खाणीवर, त्याच्या पहिल्या बुटांवर, त्याच्या मोडलेल्या गुडघ्यावर लिहून गुण कमावले. आता तो दुकानाबाहेर गाडीत बसला आहे, शेजारच्या सीटवर दूध आहे, आणि किल्ली फिरवायची कशासाठी हे त्याला आठवत नाही. त्याला तिथे सोडून मला दुसरा खेळाडू निर्माण करायचा नाही.