आमंत्रण कोणी धाडावे?

१८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात आयर्लंडमध्ये सुमारे १० लाख माणसे दगावली आणि किमान तितकीच देशांतरास गेली. पुढेही तो ओघ आटला नाही. परिणामी, आज त्या प्रजासत्ताकाची लोकसंख्या ५० लाखांच्या थोडी वर असताना, जगभर पसरलेल्या आयरिश वंशीयांची संख्या ७ कोटी सांगितली जाते.

बँका कोसळल्या आणि २०१० मध्ये युरोपीय संघ व आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढे हात पसरण्याची पाळी या देशावर आली. अशा पडत्या काळात २०१३ हे वर्ष 'द गॅदरिंग' म्हणून साजरे करण्याचे ठरले. राजधानीत एक भव्य सोहळा भरवण्याऐवजी शासनाने गावे, कुटुंबे, शाळा, क्रीडामंडळे यांनाच सांगितले की, आपापली माणसे तुम्हीच बोलवा. शासनाने प्रसिद्धी, मार्गदर्शन आणि स्थानिक संस्थांमार्फत लहान अनुदाने एवढाच भार उचलला. वर्षभरात सुमारे ५,००० मेळावे झाले. कोठे एका आडनावाची माणसे जमली, कोठे जुने विद्यार्थी, तर कोठे संगीताची मैफल झाली. अधिकृत अहवालानुसार अडीच ते पावणेतीन लाख जादा पर्यटक आले आणि सुमारे १७ कोटी युरोंचे उत्पन्न मिळाले.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी येथे विचारील की, यातील किती जण एरवीही आले असते? आकडा 'जादा' पर्यटकांचा असला, तरी तो अखेर अंदाजच. माझ्या मते खरा धडा या आकड्यात नाही. तो पद्धतीत आहे. याच सुमारास शासनाने परदेशस्थ वंशजांसाठी 'आयरिश वारसा प्रमाणपत्र' काढले होते. मागणीअभावी ते २०१५ मध्ये बंद करावे लागले. याउलट 'आयर्लंड रीचिंग आउट' या स्वयंसेवी उपक्रमात गावेच आपल्या देशांतरितांच्या वंशजांचा शोध घेतात आणि आलेल्यास पूर्वजांचे घर, दफनभूमी दाखवतात. कागदाने जे साधले नाही ते आपुलकीने साधले.

अर्थात टीकाही झाली. पूर्वी देशाचे सांस्कृतिक राजदूत राहिलेले अभिनेते गेब्रियल बर्न यांनी २०१२ च्या अखेरीस हा परदेशस्थांच्या खिशावर डोळा ठेवण्याचा प्रकार असल्याचे म्हटले. ही टीका बोचरी होती, पण निराधार नव्हती. ज्या वर्षी जुन्यांना घरी बोलावले जात होते, त्याच वर्षी बेकारीमुळे हजारो तरुण देश सोडत होते. नाते केवळ विदेशी चलनापुरते उरले, तर पाहुण्याला ते पहिल्याच दिवशी उमगते.

आपल्याकडे २००३ पासून प्रवासी भारतीय दिवस साजरा होतो. त्याचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. परंतु व्यासपीठ, मान्यवर आणि गुंतवणुकीची भाषा यांत गिरमिटियांचा पणतू हरवतो. मॉरिशस वा सुरिनाममधून येणाऱ्या त्या पणतूला संमेलनाइतकीच, किंबहुना अधिक, ओढ भोजपूर वा बस्ती जिल्ह्यातील एखाद्या गावाची असते. त्या गावाच्या पंचायतीला ना त्याचा पत्ता ठाऊक, ना त्याला बोलावण्याचे साधन. जुनी जहाजांची नोंदपुस्तके पंचायतीपर्यंत पोहोचवणे, थोडा निधी देणे आणि मग बाजूला होणे, एवढे प्रशासनाने करावे. यांतील शेवटचे काम आपल्याला सर्वांत अवघड जाते.